तिसऱ्या मजल्यावरची कप्पी

बटणवाल्याला बोलता येत नव्हतं असं अजिबात नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की तो अशी बडबड सुरू करायचा, की दोन बटणं घ्यायला आलेला माणूस डझनभर घेऊन जायचा. गाडी अडायची ती फक्त टेलरबाईंपाशी, आणि तीही जिन्यामुळे.

इमारत जुनीपुराणी, सरकारने संरक्षित ठरवलेली. खिळा ठोकायचा तरी परवानगी. खाली बटणवाल्याचं दुकान, गोल वळलेल्या काचेचं, दाराशी कोरीव खांब. वर तीन मजले बिऱ्हाडं आणि त्यांना जोडणारा एकच जिना. तोही इतका अरुंद नि इतका उभा, की बांधणाऱ्याने आधी शिडी म्हणूनच सुरू केला असावा. टेलरबाई राहायच्या तिसऱ्या मजल्यावर. बटणवाला दर आठवड्याला खिशात नमुन्याची बटणं टाकून "आज विचारायचंच" असं ठरवून निघायचा, आणि वर पोचेपर्यंत त्याचा भाता झालेला असायचा. तोंड उघडलं की नुसती हवा! मग बाई पाणी द्यायच्या, बटणं कापडाला लावून बघायच्या, आणि दम जागेवर येईपर्यंत याचा धीर पार गळालेला असायचा. "बरं, येतो," एवढं बोलून स्वारी खाली.

असं चाललेलं असताना टेलरबाईंच्या बहिणीने त्यांना कायमचं आपल्या गावी बोलावलं. एकटीने किती दिवस काढणार, म्हणाली. बाई तयार झाल्या. आता तरी बटणवाल्याने विचारायला हवं होतं. पण पठ्ठ्याने केलं काय, तर सामान उतरवायला मदत करतो म्हणाला. आता या माणसाला काय म्हणावं!

खरी अडचण होती ती कापड बेतायच्या टेबलाची. बाईंच्या वडिलांच्या वेळचं, भलं मोठं, अवजड. जिन्यातून उतरणं शक्यच नव्हतं. मुळात ते आलंच होतं खिडकीतून. इमारतीच्या माथ्यावरून रस्त्याकडे एक तुळई बाहेर आली आहे, तिला लोखंडी कप्पी लटकते. पूर्वी सगळी बिऱ्हाडं सामान तसंच चढवायची. कप्पी संरक्षित होती, पण वापरायला मनाई नव्हती.

दोन हमाल आले. दोर कप्पीतून ओवला. एक टोक वर टेबलाला बांधलं, दुसरं खाली रस्त्यावर घेतलं आणि जमिनीवर गाद्या पसरल्या. हमालांनी दुकानाच्या खांबाला पाय टेकून दोर ताणला, आणि त्यांच्यामागे उभ्या बटणवाल्याने दोराचं शेपूट चक्क स्वतःच्या कमरेला बांधलं.

"अहो शेठ, बांधू नका. नुसतं धरा," थोरला हमाल म्हणाला.

"पुडक्याची गाठ आहे आपली. आजवर एक सुटली नाही!"

खरंच सुटत नसे. गिऱ्हाइकं घरी गेल्यावर सरळ कात्रीच घ्यायची.

वरून टेलरबाईंनी लोटल्यावर टेबल खिडकीबाहेर निघालं, हवेत डुललं, आणि नेमक्या त्याच वेळी वारसा खात्याच्या बाई कोपऱ्यावरून धावत आल्या.

"अहो, खांबाला पाय? एवढ्या नक्षीच्या खांबाला पाय लावता? काढा आधी!"

हमाल बिचारे सरळमार्गी. त्यांनी काढले. पायाचा आधार गेल्याबरोबर दोघेही रस्त्यावर बसले, दोर हातातून सटकला, टेबल निघालं खाली आणि बटणवाला निघाला वर!

आईशप्पथ, काय गेला! स्वतःच्या दुकानाची पाटी त्याने जन्मात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. पहिल्या मजल्याच्या खिडकीत घड्याळवाले काका चहा पीत होते, त्यांना सवयीने नमस्कारही झाला. वाटेत टेबल शेजारून गेलं. मग खाली गाद्यांवर धप्प आवाज झाला आणि स्वारी बरोबर तिसऱ्या मजल्यासमोर लोंबकळत थांबली.

खिडकीत टेलरबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"काय हो बटणवाले, जिना काय वाईट होता?"

बटणवाल्याने सवयीप्रमाणे आधी धापा टाकायची तयारी केली. आणि त्याच्या लक्षात आलं, दम लागलेलाच नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो छातीभर श्वास घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला होता.

"जाऊ नका," तो म्हणाला. आणि एकदा तोंड सुटल्यावर ते थांबतंय होय? "तुम्ही गेलात तर मला इथे करमायचं नाही. ती नमुन्याची बटणंसुद्धा नमुन्याची नव्हती हो, माझ्याच कोटांची तोडून आणायचो. माझ्याशी लग्न करा!"

बाईंचे कान लाल झाले.

"तरीच म्हटलं, तुमच्या कोटांना कधी बटणं का नसतात! आणि हे इतके दिवस सांगता येत नव्हतं?"

"दम लागायचा."

बाई हसत सुटल्या. हसता हसता त्यांना रडूच आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि खाली टेबलाकडे पाहिलं.

"तुम्ही खाली गेलात, की टेबल परत वर येईल ना?"

"येईल की! पण मी पडलो हलका."

बाईंनी लोखंडी इस्त्री उचलून त्याच्या हातात दिली. तो जागचा हलला नाही. त्यांनी इस्त्री काढून घेतली, खिडकीवर चढल्या, त्याच्या गळ्यात हात टाकले आणि पाय सोडून दिले.

"चौकटीला ओरखडा नको!" वारसावाल्या बाई ओरडल्या. हमालांनी टेबलाचे पाय धरून त्याला हळूहळू वर सोडलं, आणि ही दोघं गरगर फिरत खाली उतरली. घड्याळवाल्या काकांना पुन्हा एकदा नमस्कार झाला.

थोरल्या हमालाने गाठ कापायला चाकू काढला.

"खबरदार!" बटणवाला ओरडला. "टेबल कोसळेल! आधी वर जाऊन आत ओढून घ्या." मग हलक्या आवाजात बाईंना म्हणाला, "तोवर तुम्हीही सोडू नका. सोडलंत तर मी परत वर जाईन."

"कोण सोडतंय?" बाई म्हणाल्या.

हमाल जिना चढू लागले. पहिल्या मजल्यापासूनच त्यांच्या धापा ऐकू यायला लागल्या. वारसावाल्या बाईंना या दोघांची दया आली. "जरा लवकर आटपा म्हणून हाक मारू का त्यांना?"

टेलरबाईंनी बटणवाल्याच्या खांद्यावरून डोकंसुद्धा उचललं नाही.

"नको हो. सावकाश चढू द्या त्यांना. जिना फार उभा आहे."