भिंतीवरची कानबाई

एके काळी पारोळ्याच्या बाजारात चुडामण नानांच्या हातचं अक्षर नाही अशी पाटी शोधून सापडली नसती. बियाण्यांची दुकानं, शाळांचे सुविचार, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, 'येथे थुंकू नये', सगळीकडे नानांचा ब्रश फिरलेला. मग फ्लेक्स आला. बारा फुटी वाढदिवस तासाभरात छापून मिळू लागला आणि नानांचे ब्रश डब्यात कडक होऊन बसले. लोक भेटले की 'नाना, तुमच्या अक्षराची सर नाही' म्हणत आणि फ्लेक्सवाल्याकडे जात.

आयुष्यभर रंगवलं ते दुसऱ्याने सांगितलेलं. स्वतःच्या मनाचं असं नानांनी एकच चित्र काढलं होतं, तेही चौतीस वर्षांपूर्वी. गल्लीच्या तोंडाशी काळ्या दगडाची जुनी धर्मशाळा आहे. तिची मावळतीकडची भिंत तेवढी चुन्याची. तिच्यावर नानांनी कानबाईची मिरवणूक काढली. श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवायची, रात्र गाण्यांनी जागवायची आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची. नानांच्या भिंतीवर तशा एकवीस बाया होत्या. एक फुगडी घालता घालता घसरलेली, एक लेकराला कडेवर घेऊन नाचणारी, एक कुणाशी तरी भांडणारी. चुन्यावर डिंकाच्या रंगाचं काम. ऊन-पावसाने निम्मं पोपडे धरून गळालं होतं. तरी गल्लीतल्या बाया मिरवणूक नेताना त्या भिंतीपाशी थांबून नारळ ठेवायच्या.

नानांच्या मनात मात्र एक सल होता. त्यांच्या कामाचा कुणी कधी फोटो काढला नव्हता. गावाचे फोटो पेपरात येत, पाट्या मागे दिसत, पण पाटी बघायला फोटो कोण काढतो? आपल्या कामाचा एक नीट फोटो निघावा, खाली आपलं नाव असावं, एवढं एकच नानांना हवं होतं. पासष्टीनंतर लोक काशीला जायचं म्हणतात. नानांना फोटोत जायचं होतं.

आणि एक दिवस फोटोवाला आला. हितेंद्र त्याचं नाव. मूळचा जळगावचा, पुण्यात मोठ्या कंपनीत, आणि सुट्टीत हा नाद. गळ्यात जुना जड कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचा काळा-पांढरा रोल. जुन्या इमारती आणि भिंतींवरची चित्रं टिपत तो धुळ्याहून जळगावकडे निघाला होता. धुळ्यात एका दगडी इमारतीवरचा कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरेपर्यंत तो तीन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी तो उतरला आणि तिथे त्याच भाऊंच्या चिरंजीवांचा चढला.

गावातल्या मित्र मंडळाचे अध्यक्ष पियुषभाऊ त्याला गाव दाखवायला फिरत होते. पियुषभाऊंचं वय तिशीचं, पण फ्लेक्सवर 'आधारवड' लिहिलेलं.

"दाखवा ना, कसा आला फोटो?" किल्ल्यापाशी पियुषभाऊंनी विचारलं.

"लगेच नाही दिसत. रोल आहे. पुण्याला जाऊन धुवायचा."

"मंग इतला महाग कॅमेरा काय कामना?"

हितेंद्र हसला. असं हसणं त्याने या प्रश्नासाठी खास राखून ठेवलं होतं. "मोबाइल खोटं बोलतो, भाऊ. फिल्म खोटं बोलत नाही. जे आहे ते, जसं आहे तसं."

धर्मशाळेच्या भिंतीपुढे मात्र त्याने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. "आत्ता नको," तो म्हणाला. "इथे तिरपं ऊन हवं. बरोबर एक महिन्याने येतो, रविवारी संध्याकाळी. या भिंतीसाठी मुद्दाम येतो. जळगावला प्रदर्शन आहे, त्यात ही भिंत मधोमध लावणार."

आता पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय करतात? घर सारवतात. पियुषभाऊंनी तेच करायचं ठरवलं. पुण्याचा माणूस मुद्दाम भिंतीसाठी येतोय, आणि भिंतीवर काय, तर पोपडे! गावाची इज्जत होती. संध्याकाळीच मंडळ नानांच्या ओट्यावर हजर झालं.

"नाना, भिंत टकाटक करी टाका. ऑइल पेंट मंडळ देई. पुन्याना फोटोवाला ई ऱ्हायना. तुमनं काम जळगावना प्रदर्शनमा लागी!"

नानांना पुढचं काही ऐकूच आलं नाही. इतक्या वर्षांनी ब्रश हातात येणार, मोठी भिंत, नवा रंग आणि वर फोटो. जुन्या चित्राचं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण मळकं धोतर नेसून कुणी फोटोला बसतं का? नव्या रंगातच आपला हात शोभेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. पियुषभाऊंनी त्यांना फसवलं असं म्हणायला जागा नाही. नानांनी स्वतःच्या हौसेने होकार दिला.

घरात इंदिराबाईंनी भाकरी थापता थापता ऐकलं होतं. "कानबाईवर रंग देऊ नका," त्या म्हणाल्या. "दुसरी भिंत नही भेटनी का तुमले?"

"ती आते दिसस तरी का? निम्मी गळी गई."

"आमले दिसस."

नानांनी ऐकलं नाही. बायकांना कलेतलं काय कळतं, असंही काहीतरी ते पुटपुटले. पुढे त्यांना या वाक्याची फार लाज वाटली, म्हणून आपण ते इथे नोंदवून ठेवू.

एकवीस बायांवर पोपटी रंगाचे दोन हात बसले. पहिला हात देताना नानांचा ब्रश त्या भांडणाऱ्या बाईपाशी जरा अडला, पण खाली उभं असलेलं मंडळ 'वा नाना' म्हणालं आणि ब्रश पुढे गेला. त्यावर मोर, पुस्तक वाचणारी मुलगी, झाड, रॉकेट, केळीचा घड आणि 'माझं गाव, माझा अभिमान'. उजव्या कोपऱ्यात गोलात हात जोडलेले पियुषभाऊ. रॉकेट कशासाठी, असं नानांनी विचारलं होतं. प्रगतीसाठी, असं उत्तर मिळालं.

ठरल्या रविवारी पाच वाजता हितेंद्र आला. मंडळ झब्बे घालून उभं होतं. नारळ, शाल, हार तयार. नाना नव्या टोपीत भिंतीच्या कडेला, फोटोत अर्धवट येतील अशा बेताने उभे राहिले. हितेंद्र कोपऱ्यावरून वळला आणि त्याच्या हातातली पिशवीच खाली पडली.

"हे काय आहे?"

"नानांनी केलं," पियुषभाऊ अभिमानाने म्हणाले. "तुमच्यासाठी."

"आणि चित्र कुठे गेलं? त्या बाया? मी त्या चित्रासाठी आलो होतो! अहो, असं काम मी आख्ख्या प्रवासात पाहिलं नाही. कोणी काढलं असेल ते, काय हात होता त्या माणसाचा!"

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी भिंतीकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द आज आले होते, आणि यायला फक्त आठ दिवसांचा उशीर झाला होता. "मीच काढलं होतं ते," ते भिंतीकडे बघूनच पुटपुटले; हितेंद्रला मोठ्याने सांगितलं ते मंडळाने.

मंडळाने धीर सोडला नाही. जुन्या भिंतीचा फोटो कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलात असेलच. मोबाइल निघाले. भिंत शेकडो फोटोंत होती, पण प्रत्येक फोटोत भिंतीपुढे कुणी ना कुणी केक कापत होतं. एकात कानबाईची नथ दिसली, ती पियुषभाऊंच्या कानामागून.

"वरचा रंग काढता येईल का?" हितेंद्रने विचारलं.

नानांना उत्तर माहीत होतं. खाली चुना, वर तेलाचा रंग; तेल सुटताना चुन्याची खपली घेऊनच सुटणार. पण आशा वेडी असते. त्यांनी थिनर मागवलं, खरवडायची पत्ती घेतली आणि नव्या टोपीनिशी शिडीवर चढले. मोर गेला, रॉकेट गेलं, केळी गेली. पोपटी पापुद्रा लांबच्या लांब निघायचा आणि त्याच्या पाठीला एखाद्या बाईचं तोंड चिकटून यायचं. नाना तो पापुद्रा हातात धरून बघायचे, तोवर तो चुरा व्हायचा. लेकरू गेलं, फुगडी गेली. तासाभरात भिंतीवर उरलं ते एक कोपर, लुगड्याचा काठ, ढोलाची कड आणि चौफेर ओरबाडे. नाना शिडीवरच बसून रडले. मंडळाला वाटलं, थिनर डोळ्यांत गेलं.

तेवढ्यात मावळतीचं तिरपं ऊन भिंतीवर आलं.

"नाना, खाली या! कुणी हात लावू नका!" हितेंद्र ओरडला. तो कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला, आडवा झाला, धर्मशाळेच्या पायरीवर चढला. एकामागून एक त्याने अकरा फोटो काढले. "अप्रतिम! हेच पाहिजे होतं मला!"

"काय काढलं?" नानांनी विचारलं.

"काळ, नाना! काळ!"

आषाढ संपता संपता जळगावला प्रदर्शन भरलं. पियुषभाऊंनी एक गाडी केली. ती भरून मंडळ आलं, मागच्या सीटवर नाना आणि इंदिराबाई. हॉलमध्ये थंडगार हवा, पांढऱ्या भिंती आणि पाहुणे एवढे हळू बोलत होते की कुणी आजारी असावं. मधोमध सर्वांत मोठा फोटो त्यांच्या भिंतीचा. काळ्या-पांढऱ्यात ते कोपर, तो काठ आणि ते ओरबाडे इतके देखणे दिसत होते की नानांना स्वतःचीच भिंत ओळखायला क्षण लागला. खाली छापलं होतं: 'काळाने पुसलेले भित्तिचित्र, पारोळा. चित्रकार अज्ञात.'

एक प्राध्यापक त्यापुढे उभे राहून सांगत होते, "बघा, निसर्ग आणि शतकं मिळून कशी कलाकृती घडवतात." लोक माना हलवत होते.

इंदिराबाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि नानांकडे बोट केलं. "अज्ञात कसं? त्या आठेच उभा शेतस!" त्या एवढ्या मोठ्याने बोलल्या की हॉल वळून पाहू लागला.

हितेंद्र घाईने आला आणि नानांना खांद्याला धरून बाजूला घेऊन गेला. "नाना, मला माहीत आहे. त्या दिवशी मंडळाने सांगितलं ना मला. पण समजून घ्या. नाव लिहिलं की चित्र कालचं वाटतं. अज्ञात म्हटलं की दोनशे वर्षं मागे जातं. आणि नाव नसलेल्या माणसाबद्दल लोकांना आदर जास्त वाटतो."

"पण काळाने कुठं पुसलं? मी पुसलं. तुम्ही समोर होता."

"ते फोटोत दिसत नाही ना," हितेंद्र म्हणाला, आणि पाहुण्यांकडे गेला.

नाना उभेच राहिले. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. पियुषभाऊ फोटोपुढे उभे राहून स्वतःचा फोटो काढून घेत होते. हितेंद्रने खोटं छापलं होतं, पण भिंतीला थिनर त्याने लावलं नव्हतं. चौतीस वर्षं बायांनी जिच्यापुढे नारळ ठेवले ती कानबाई नानांनी आपल्या हातांनी पोपटी केली, केवळ एका फोटोच्या हावेपायी. हे त्यांना त्या थंड हॉलमध्ये पहिल्यांदा धडधडीत समोर दिसलं.

दाराशी टेबलावर अभिप्रायाची वही होती. लोक तिच्यात 'अंतर्मुख करणारं', 'निःशब्द' असं लिहून जात होते. नानांनी शेजारची स्केचपेन उचलली. हात पुन्हा पेंटरचा हात झाला. अख्खं पान घेऊन, मापात, वळणदार, ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिलं:

'पारोळ्याच्या भिंतीवर एकवीस बाया होत्या. त्या मी काढल्या आणि मीच पुसल्या. काळाचा यात काही दोष नाही. चुडामण पेंटर, पारोळा.'

मागे रांग थांबली होती. कुणीतरी मान पुढे करून म्हणालं, "अहाहा, काय अक्षर आहे! हल्ली असं कोण काढतं?" दुसऱ्याने दुजोरा दिला. जीन्स घातलेली एक कॉलेजची मुलगी पुढे आली, तिने वही नीट उजेडात सरकवली आणि मोबाइल काढून पानावर धरला.

इंदिराबाईंनी पानावर हात आडवा ठेवला.

"फोटो मंग काढजो, बाई," त्या म्हणाल्या. "पहिले वाच."

मुलीने मोबाइल खाली केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.