डॉक्टर निकुरे यांचा परिचय

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी, बसस्थानकामागच्या गल्लीत डॉ. हरिदास निकुरे यांचा दवाखाना आहे. ते कातडीचे डॉक्टर. खरूज, नायटा, कोड, चट्टे हे त्यांचं राज्य. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलानं बोटांच्या बेचक्या सडल्या की बाया बांधावरून थेट त्यांच्याकडे येत. हात हलका, औषध मोजकं, बोलणं त्याहून मोजकं. पन्नाशी उलटेपर्यंत त्यांच्याविषयी कुणी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

मग चामोर्शीला एक आरोग्य मेळावा ठरला आणि प्रफुल मोहुर्ले यांचा फोन आला.

प्रफुल मोहुर्ले पेशानं शिक्षक, पण खरा जीव सूत्रसंचालनात. लग्न असो, तेरवी असो की आमदारांचा वाढदिवस, माईक त्यांच्याच हातात. पाहुण्याचा परिचय वाचताना त्यांचा आवाज असा चढत जाई की खुद्द पाहुण्यालाही आपल्याबद्दल आदर वाटू लागे.

"सर, तुमचा परिचय पाठवा ना जी," मोहुर्ले म्हणाले.

"परिचय काय. एम. डी. आहे, त्वचारोग. मूलमध्ये प्रॅक्टिस करतो."

"हे तर पाटीवर बी लिहून आहे सर. काही संशोधन वगैरे?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. नागपूरला शिकत असताना त्यांनी एक निबंध लिहिला होता. काही लोकांची कातडी जन्मापासून कोरडी आणि खवल्याखवल्यांची असते, अगदी सापाच्या कातीसारखी. अशा मोजक्या रोग्यांवर तो निबंध होता आणि कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला होता. "सर्पत्वचेवर थोडं काम केलं होतं," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

मेळाव्यात मोहुर्लेंनी घसा साफ केला आणि वाचलं, "सर्पांवर मूलगामी संशोधन करणारे, आपल्या मातीतले शास्त्रज्ञ, डॉक्टर हरिदास निकुरे."

टाळ्या पडल्या. डॉक्टर दचकले. उठून दुरुस्ती करावी असं त्यांच्या मनात आलंही, पण तेवढ्यात शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, फोटोवाला "इकडं पाहा सर" म्हणाला आणि ती वेळ निघून गेली. भाषण त्यांनी नायट्यावरच केलं. लोकांना वाटलं, एवढा मोठा सापाचा माणूस, पण आपल्यासाठी नायट्यावर उतरला.

मंचावर आणखी दोघं होते. एक हाडांचे डॉक्टर, ज्यांच्या परिचयात शस्त्रक्रियांचा आकडा मागच्या मेळाव्यापेक्षा दुप्पट झाला होता. दुसरे पुण्याहून आलेले आरोग्य संशोधक, "ज्यांनी आपलं आयुष्य आदिवासींमध्ये घालवलं." ते एका पावसाळ्यात गडचिरोलीच्या विश्रामगृहात राहिले होते. पाऊस थांबेना म्हणून बाहेर पडता आलं नव्हतं, आणि त्यावर त्यांनी दोन ग्रंथ लिहिले होते. जेवताना डॉक्टरांनी मोहुर्लेंना बाजूला घेतलं.

"अहो, मी सापांवर काही केलं नाही. कातडीवर केलं."

"सर, परिचय म्हणजे वरातीतला घोडा. नवरदेव कसा बी राहो, घोडा सजलेला पायजे," मोहुर्ले म्हणाले आणि वरणात पोळी बुडवली.

एकदा घोडा सजला की त्याला लगाम कोण घालणार. पुढच्या कार्यक्रमाच्या आयोजकांनी मोहुर्लेंकडूनच परिचय मागवला आणि आपल्याकडून थोडी भर घातली. 'सर्प संशोधक' चे 'सर्पदंश तज्ज्ञ' झाले. वरोऱ्याला ते 'विदर्भातील अग्रणी सर्पदंश तज्ज्ञ' झाले. डॉक्टर एकदा पत्नीसोबत बँकॉकला सहलीला गेले होते. तिथे एका बागेत अजगर गळ्यात घालून काढलेला फोटो त्यांच्या पत्नीनं, चंदाबाईंनी, दिवाळीत नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो पुढे सरकवला आणि चंद्रपूरच्या व्यासपीठावर डॉक्टर 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे' झाले.

खरं सांगायचं तर पहिल्या दोन-तीन वेळा त्यांना लाज वाटली. नंतर सवय झाली. त्यानंतर, मोहुर्ले एखादं विशेषण विसरले तर डॉक्टरांना ते चुकल्यासारखं वाटू लागलं. 'वैनगंगा आरोग्य प्रबोधिनी' नावाच्या संस्थेनं सर्पदंश जागृती समिती काढली आणि अध्यक्षपद त्यांना दिलं, तेव्हा ते "नको नको" म्हणाले खरे, पण दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा हळू होता. समितीच्या पोस्टरवर त्यांचा फोटो छापला गेला. एका बाजूला फणा काढलेला नाग, दुसऱ्या बाजूला डॉक्टर, आणि खाली मोठ्या अक्षरात नाव आणि गाव. पोस्टर मूलपासून चामोर्शीपर्यंतच्या पानठेल्यांवर, भात गिरण्यांवर, ग्रामपंचायतींवर चिकटलं.

धान कापणीच्या दिवसांत एका दुपारी दवाखान्यासमोर पिकअप गाडी थांबली. मागे धानाच्या वाळल्या तणसावर एक बाई निजवलेली होती. गुडघ्यापर्यंत पाय सुजून काळानिळा झालेला. तिचा नवरा खाली उडी मारून आत आला. डॉक्टरांकडे बघितलं, मग खिशातून घडी केलेलं पोस्टर काढून त्याकडे बघितलं, आणि हात जोडले.

"घोणस चावली जी. धान कापत होती. माही बायको, रुखमाबाई. माहं नाव वारलू."

"कुठून आलात?"

"चामोर्शीच्या पलीकडून."

डॉक्टर धावत गाडीपाशी गेले. "चामोर्शीला सरकारी दवाखाना आहे ना. तिथं काऊन नाही गेले?"

"त्याच्या फाटकापुढूनच आलो जी," वारलू म्हणाला. त्यात त्याला अभिमान होता, बायकोसाठी आपण काही कमी केलं नाही असा. "डायवर बी म्हणत होता, इथीच घालू. मी म्हणलो, नाई गा, लहान दवाखान्यात काऊन न्याचं? मूलले सापाचा सगळ्यात मोठा डाक्टर हाये. नदीच्या पुलावर टॅक्टरायची लाइन लागून होती, तिथी लय वेळ गेला."

रुखमाबाईच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. ती पदरानं ते टिपत होती आणि मधूनमधून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. दवाखान्यात मलमं होती, गोळ्या होत्या, नायट्याचा साबण होता. सापाचं इंजेक्शन तिथं कधी आलंच नव्हतं.

"मिथुन, गाडी काढ," डॉक्टरांनी कंपाउंडरला सांगितलं. पाय हलू नये म्हणून दोघांनी त्याला फळी लावली, बाईला मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी मूलच्याच सरकारी दवाखान्याकडे निघाली. वारलूला काही कळेना. "अजून मोठा डाक्टर हाये काय तिथी?" त्यानं विचारलं. डॉक्टरांनी मिथुनला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

तिथं डॉ. रिना रायपुरे ड्यूटीवर होत्या. त्यांनी रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं, ते गोठत नव्हतं. लगेच सलाईनमधून विषावरचं औषध सुरू केलं. हात कामात असतानाच त्यांनी विचारलं, "एवढा उशीर काऊन केला?"

"आमी मोठ्या डाक्टरकडं गेल्तो बाई," वारलू म्हणाला आणि बोट दाखवलं.

रिना मॅडमनी बोटाच्या दिशेनं बघितलं. त्या रागावल्या असत्या तर निकुरेंना बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "सर, जरा बाजूला व्हा, उजेड अडून राह्यला."

बाई वाचली, पण सुखासुखी नाही. मूत्रपिंडांनी दगा दिला, चंद्रपूरला हलवावं लागलं, रक्त मशीनवर चढवून धुवावं लागलं. रोज तिथं फोन करून डॉक्टर तिची खबर घेत. त्या दिवसांत चंदाबाईंनी भाजीत मीठ दुप्पट टाकलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी सुधारणा हाती घेतली. आधी दवाखान्यासमोर पाटी लावली: 'येथे सर्पदंशावर उपचार होत नाहीत. सरकारी दवाखान्यात जा.' गावात चर्चा झाली की डॉक्टर आता इतके मोठे झाले की साप चावलेली माणसं बघतच नाहीत, सरकारला सल्ला देतात. पोस्टरं काढायला मिथुनला पाठवलं. चार ठिकाणची काढली, तर पानठेलेवाले भांडायला उठले. नागाच्या फोटोनं ठेल्याला शोभा येते, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी त्यांनी मोहुर्लेंना फोन केला.

"माझ्या परिचयातून साप काढा."

"सर, साप काढला तर उरते काय?" मोहुर्ले कळवळून म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

तेवढ्यात प्रबोधिनीचा वार्षिक मेळावा आला. मंडप भरायचा म्हणून सरकारी डॉक्टर, परिचारिका, आशाताई, सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं. रिना मॅडम मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. चामोर्शीकडच्या गावांतूनही माणसं आणली होती. मोहुर्लेंनी परिचय सुरू केला. यंदा त्यात 'मृत्यूच्या जबड्यातून माउलीला ओढून आणणारे' ही नवी भर होती. रुखमाबाईची कथा त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, पण वाटेत तिची शेपूट तोंडाला लागून ती उलटी झाली होती.

डॉक्टर उठले, माईकपाशी गेले आणि म्हणाले, "हे खोटं आहे. मी कातडीचा डॉक्टर आहे. सापाचं मला तुमच्याएवढंच कळतं. त्या बाईला माझ्याकडे आणलं म्हणून तिचा जीव जात होता."

मोहुर्ले लगबगीनं दुसऱ्या माईकवर आले. "पाहा मंडळी," ते म्हणाले, "ज्ञान वाढलं की माणूस किती लवते." आणि मंडपात कधी झाला नव्हता एवढा टाळ्यांचा कडकडाट झाला. याही वेळी मंचावर असलेले पुण्याचे संशोधक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि हाडांचे डॉक्टर शेजाऱ्याला विचारत होते की हे असं विनयाचं आपल्याही परिचयात घालता येईल का.

टाळ्या थांबेनात. तेव्हा ते माईक हातात घेऊन मंचावरून खाली उतरले, तार फरफटत शेवटच्या रांगेत गेले आणि माईक रिना मॅडमच्या हातात दिला. "बोला," ते म्हणाले. "मी हटतो."

"मॅडमचा परिचय आलेला नाई," मोहुर्ले मंचावरून म्हणाले. "एक मिनट थांबा जी, मी काही बनवतो."

रिना मॅडम थांबल्या नाहीत. त्यांना वॉर्डात परत जायचं होतं. बसल्या जागेवरून त्या म्हणाल्या, "साप चावला तर पाय हलवू नका, काही कापू नका, कचकचून बांधू नका. जो सरकारी दवाखाना आधी येईल त्याच्यातच शिरा. मोठा डॉक्टर शोधत फिरू नका. औषध सगळीकडे तेच आहे." मग त्यांनी कोणत्या नंबरवर गाडी बोलवायची ते सांगितलं. लोकांनी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं, आणि माईक ठेवून त्या निघून गेल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही, कारण मोहुर्लेंनी खूण केली नव्हती. सत्काराच्या शाली तशाच राहिल्या. जेवण थंड होत होतं.

दुसऱ्या दिवशी निकुरे सरकारी दवाखान्यात गेले आणि रिना मॅडमपुढे उभे राहिले.

"मला सकाळी तासभर वॉर्डात येऊ द्या."

"कशासाठी सर? सल्लागार म्हणून? त्याची ऑर्डर काढावी लागेल."

"सल्लागार नको. साप चावलेल्यांच्या जखमा चिघळतात, कातडी सडते. तेवढं मला येतं. बाकीचं तुमच्याकडून बघीन."

रिना मॅडमनी थोडा विचार केला. "या," त्या म्हणाल्या. "पण नर्सताईंच्या वेळेत या. त्यांना थांबलेलं चालत नाही."

चंद्रपूरहून परतलेली रुखमाबाई कोपऱ्यातल्या खाटेवर होती. पायाचा पंजा ते पोटरी, मोठा भाग सोलून निघाला होता. डॉक्टरांनी हातमोजे घातले, स्टूल ओढलं आणि जुनी पट्टी मिठाच्या पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवू लागले. मेलेली कातडी चिमट्यानं उचलत गेले. बाईनं दात आवळले होते, पण पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी तेच नोहे जी, सापाचे मोठे डाक्टर?"

"नाई बाई," डॉक्टर म्हणाले. "मी कातडीचा."

"मंग बरं हाये," रुखमाबाई म्हणाली. "साप तं तवाच गेला. माही कातडीच तेवढी पाहा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि चिमटा पुन्हा पाण्यात बुडवला.