पुसता न येणारी डिस्क

चातुर्मासात दर गुरुवारी द्वारकाबाईंचं मौन असे, उजाडल्यापासून बारा वाजेपर्यंत. लिहून सांगणं म्हणजे बोलणंच, म्हणून तेही नाही. मान हलवणंसुद्धा बोलण्यातच मोडतं, असं त्यांचे यजमान गोकुळराव एकदा चेष्टेनं म्हणाले, तर त्या भल्या बाईनं तेही सोडलं. तेव्हापासून गुरुवारची सकाळ म्हणजे घरात गोकुळरावांचं राज्य.

म्हणूनच द्वारकाबाईंना घेऊन औरंगपुऱ्यात सुदर्शनच्या कॅसेट-डिस्कच्या दुकानी जायचं त्यांनी नेमकं गुरुवारी काढलं.

काम तसं साधं होतं. द्वारकाबाईंच्या भावाच्या लग्नाची पंचवीस वर्षांपूर्वीची कॅसेट सुदर्शननं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. आता ती डिस्कवर भरून धाकट्या बहिणीला, मुक्ताबाईला, वैजापूरकडच्या खेड्यात पाठवायची. त्या लग्नाच्या वेळी मुक्ता पाच दिवसांची बाळंतीण. तिनं ते लग्न पाहिलंच नव्हतं. आणि आई हलती-बोलती दिसते ती एवढ्या एका कॅसेटमध्ये. आईला जाऊन आठ वर्षं झाली होती.

पण त्याच कॅसेटमध्ये, हळदीच्या पंगतीत, आईनं थोरल्या जावयावर गाणं रचून म्हटलेलं होतं:

गोकुळ जावई बसला पंगतीच्या टोकाला गं बाई टोकाला,
अकरा जिलब्या खाऊन म्हणं, भात नाय आला वाट्याला!

घरी कॅसेट लागली की गोकुळराव रिमोट घेऊन बसत आणि तेवढा भाग पुढं पळवत. आता हे गाणं मुक्ताच्या घरी, सुना-नातवंडांत वाजणार म्हणजे वैजापूर तालुक्यात तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

"सुदर्शन, ती पुसता येणारी डिस्क असती बघ, ती दे," ते म्हणाले.

"आहे काका. पण एकदाच भरायची स्वस्त पडते, आणि जुन्या प्लेअरवर—"

"तू दे रे." मग काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "आज सगळं भर. ही घरी लावून बघंल, समाधान होईल. पाठवायच्या आधी मी घेऊन येतो. पुसायचं, आन् ते पंगतीतलं गाणं गाळून परत भरायचं. काय?"

मौन तोंडाचं होतं, कानांचं नव्हतं. द्वारकाबाईंना सगळं ऐकू आलं. आणि त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. मुक्ताला गेल्या वर्षी कुणीतरी कीर्तनाची अशीच पुसता येणारी डिस्क दिली होती. तिच्या जुन्या प्लेअरमध्ये ती नुसती गरगर फिरली, पडद्यावर काही उमटलं नाही. मेकॅनिक म्हणाला होता, या मशीनला एकदाच भरायची, आन् तीही पाकिटावर वजाची खूण असलेली मायनसवालीच चालती. म्हणजे गाणं राहू दे, मुक्ताला आईच दिसली नसती.

सुदर्शननं डिस्क काउंटरवर ठेवली. "काकू, हीच भरू ना?"

द्वारकाबाईंनी शांतपणे जपाची गोमुखी उचलली आणि त्या डिस्कवर ठेवली. मग स्टुलावर बसल्या आणि डोळे मिटले.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"अगं, उचल की ती," गोकुळराव म्हणाले. द्वारकाबाईंचे डोळे उघडले नाहीत. "सुदर्शन, तू उचल."

"मी? नाय बा. आत माळ आहे, काका. तुम्हीच उचला."

"मी अजून अंघोळ केली नाय," गोकुळराव गुळमुळीत म्हणाले.

मग काय, चहा आला. साडेअकरा झाले. एक बाई मोबाईलचं कव्हर घेऊन गेली, जाताना गोमुखीला हात जोडून गेली. सुदर्शन खालमानेनं हसत होता. गोकुळराव आत-बाहेर करत होते, एकदा तर घड्याळाकडं बघून म्हणाले, "हे पुढं चालतंय का रे?"

बारा वाजले. द्वारकाबाईंनी डोळे उघडले, हात जोडले आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "सुदर्शन, बाळा, पुसायची नको. एकदाच भरता येती, मायनसची, ती दे. प्लेअरवर चालंल अशी भर, नुसती फाईल टाकू नको. आन् आधी त्या कोपऱ्यातल्या जुन्या प्लेअरवर लावून दाखव."

"अगं पण पुसता आली तर बरं नाय का? उद्या काही चुकलं—"

"आपण व्रत घेतो ते पुसता येतं का? एकदा घेतलं की घेतलं. अहो, आन् पंचवीस वर्षं झाली. जिलब्या पचल्या असतील की आता!"

सुदर्शनचा दुसरा चहा नाकात गेला.

पाच दिवसांनी मुक्ताचा फोन आला. मागं हसण्याचा कल्लोळ चालला होता. "अक्का, लागली गं! तीनदा बघितली. आईनं माझी मोरपंखी साडी नेसलीय, मला माहीतच नव्हतं."  मग नाक ओढून म्हणाली, "दाजींना दे."

गोकुळरावांनी फोन असा धरला, जणू आतून कुणी चावणार होतं. "बोला. आता तुम्ही पण म्हणा गाणं."

"ते म्हणणारच हाय. पण दाजी, गाणं म्हणता म्हणता आई तुमच्याच पानात बारावी जिलबी वाढतीय, बघितलं का? आन् पदर तोंडाला लावून लई हसतीय."

गोकुळरावांनी ते कधीच बघितलं नव्हतं. तेवढंच तर ते पुढं पळवत आले होते.

द्वारकाबाई देवापुढं वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मुक्ता," गोकुळराव घसा साफ करून म्हणाले, "ते कितव्या मिनिटाला हाय गं?"