रनेलाची पळवापळवी

लुइझियानातल्या आमच्या हॉस्पिटलात मिस मॅर्व्हेल आणि तिचा नवरा कर्टिस ही जोडी प्रसिद्ध. दोघंही नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून स्वतः औषध लिहून देणारे. ती खाली इमर्जन्सीत, तो वर आयसीयूत, आणि कुठलं काम भारी यावर घरी रोज जुंपायची.

हाडांच्या वॉर्डातल्या नर्स रनेला फ्युझलियेला त्याच शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि शाखा निवडायची वेळ आली. आयसीयूसाठी मोठ्यांच्या गंभीर आजारांची शाखा. इमर्जन्सीत जायचं तर तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची. पोरगी हुशार, त्यामुळे नवराबायको दोघांचाही तिच्यावर डोळा.

"वर काय आहे गं? नुसती यंत्रं टूं टूं करतात," मॅर्व्हेल म्हणाली. "शनिवारी माझ्याकडे येऊन बघ."

शनिवारी मॅर्व्हेलने आम्हा इमर्जन्सीतल्या नर्सेसना आधीच दम भरला होता, "गमतीच्या केसेस तिच्याकडे. ओकणारे माझ्याकडे."

पहिल्याच बाईच्या कानाच्या पाळीला जिवंत क्रॉफिश, म्हणजे नांग्यांचा गोड्या पाण्यातला झिंगा, लटकलेला. मग नाकात राजमा कोंबून बसलेली चिमुरडी. रनेलाने तिच्या आईला मोकळी नाकपुडी दाबून तोंडात फुंकर मारायला सांगितलं. राजमा सुटला तो थेट मॅर्व्हेलच्या चष्म्यावर! रनेला पोट धरून हसली. मॅर्व्हेलने मला डोळा मारला. मासा गळाला लागला होता.

तेवढ्यात मिस्टर आल्सीद आले. सत्तरीचे, छाती चोळत.

"सुनेचं सॉसेज बाधलंय. गोळी द्या, जातो."

रनेलाने त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि सरळ ईसीजीच्या तारा लावल्या. हार्ट अटॅक होता. धावपळ झाली, अडकलेली रक्तवाहिनी मोकळी केली गेली, आणि आल्सीद आयसीयूत पोचले.

"आता त्यांचं पुढे काय होणार?" रनेलाने विचारलं.

"ते वर गेले. आपलं काम संपलं. पुढचा बोलाव."

पण रनेलाचं लक्ष उडालं. कॉफीच्या सुट्टीत ती वर पळाली. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. कर्टिसने तिला आल्सीदच्या पलंगाशी खुर्ची सरकवून दिली. लबाड!

आल्सीदनी डोळे उघडले. "तू खालची ना गं? सुनेला सांग, सॉसेजचा दोष नव्हता. नाहीतर परत करायची नाही ती."

रनेला खाली आली ती जरा ओशाळूनच. "मिस मॅर्व्हेल, तुमच्याकडे मजा खूप आहे. पण माणूस पुढे वाचला की नाही, हे कळल्याशिवाय मला झोप नाही लागायची. मी वरचीच शाखा घेते."

"म्हणजे माझा तो मेलेल्या माशासारखा थंड नवरा जिंकला?" मॅर्व्हेल कंबरेवर हात ठेवून म्हणाली. पण जाताना तिने रनेलाला घट्ट मिठी मारली.

त्या रात्री घरी गंबोत, म्हणजे आमच्याकडच्या कोळंबी-भेंडीच्या रश्शात, कर्टिसच्या वाट्याला फक्त भेंडी आली. कोळंबी सगळी मॅर्व्हेलने खाल्ली, त्याच्या समोर बसून, सावकाश.