दुसरं यंत्र

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलावर दोन गेमिंग यंत्रं शेजारी शेजारी पडली होती. दोन्ही हातात धरून खेळायची, दोन्ही एकाच आठवड्यात बाजारात उतरणार. त्यांतलं सरस कोणतं, ते दुपारी चारपर्यंत लिहून द्यायचं होतं. तीन वेळा ती खुर्चीत बसली आणि तीन वेळा उठली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"काय गं, उंदीर शिरलाय का खोलीत?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो आई."

काही नाही कसलं! निकाल तर कधीचाच लागला होता. एक यंत्र बारीक नि चपटं, त्याला ती 'काडी' म्हणे. ते मोठ्या कंपनीचं. दुसरं गुबगुबीत, म्हणून 'जाड्या'. ते चार जणांच्या एका नवख्या कंपनीचं पहिलंवहिलं यंत्र. पडदा जाड्याचा चांगला, बॅटरी जाड्याची दांडगी, पण उडी मारायचं बटण पार मठ्ठ. उडी उशिरा लागे आणि खेळातला गडी दरीत पडे. कंपनीने यंत्र बदलून दिलं, तेही तसंच. परवा तिसरं आलं, त्यातही तीच रड. मग बोलायला जागाच उरली नाही. सगळी खेपच नासकी.

मासिकाच्या कचेरीत तिला निकालबाई म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. तिने नापास केलेलं यंत्र दुकानदार मागच्या फळीवर ढकलत. बारा वर्षं तिची एकच पद्धत होती. एकच खेळ, त्यातला मोडका पूल, आणि तो प्रत्येक यंत्रावर शंभर वेळा ओलांडायचा. जितक्या वेळा पडाल तितक्या रेघा वहीत. आधी दाराशी आलेलं यंत्र आधी तपासायचं, आणि मध्ये घोटभर पाणीही न पिता लगेच दुसरं. "हात तापलेले असतानाच तुलना खरी होते," असं ती नवीन लोकांना तोऱ्यात सांगायची. आधी आलेली काडी चार वेळा पडली होती, जाड्या सत्तावीस. आकड्यांशी कोण भांडणार?

भांडल्या त्या सासूबाई. काल दुपारी त्या सहज म्हणाल्या होत्या, "तुझी तपासणी झाली की तू कप डाव्या हाताने उचलतेस. वर्षभर बघतेय मी."

सासूबाई तीस वर्षं एका मोठ्या कचेरीत स्टेनो होत्या. लोकांच्या हातांकडे बघायची त्यांना खोडच होती.

"सवय असेल," ती म्हणाली होती.

"सकाळी उजव्या हाताने उचलतेस. सवय काय दुपारी लागते?"

तेव्हा ती चिडली होती. या वयात बाईंना गेमिंगमधलं कळायला लागलं, म्हणून मनातल्या मनात हसलीही होती. पण ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं सलत राहिलं. त्यात काल संध्याकाळी जाड्याच्या कंपनीतल्या इंजिनीअर मुलीचा फोन आला होता. "मॅडम, बटण आम्ही मोजून पाहिलंय, वेळेत लागतं. तुम्ही एकदा परत बघाल का? हे यंत्र चाललं नाही, तर आमचं दुकानच उठेल." अशा विनवण्या तिने खूप ऐकल्या होत्या. "बघते," म्हणून तिने फोन ठेवला होता.

आता मात्र तिने रागारागानेच जाड्या हातात घेतला. होऊन जाऊ दे. आज उलट क्रम. सासूबाईंचं तोंडही बंद होईल आणि त्या मुलीचंही.

पूल सुरू झाला. दहा झाले, वीस झाले. गडी कसा टुणटुण उड्या मारत चालला होता. चाळीस. ती उठून उभ्यानेच खेळू लागली, मग येरझारा घालत. शंभर पूर्ण झाले तेव्हा वहीत तीनच रेघा होत्या.



पाणी न पिता तिने काडी उचलली. तिची लाडकी काडी, चार वेळा पडलेली. पंधराव्या पुलावर गडी कोसळला. अठराव्यावर पुन्हा. साठाव्यानंतर तर तो जीव द्यायलाच निघाल्यासारखा पडत सुटला. बटण तेच होतं. दाबणारा अंगठा मात्र बधिर झाला होता, आणि तो बधिर झाल्याचंही तिला आज पहिल्यांदाच कळत होतं, कारण आज ती त्याच्याकडे लक्ष देत होती. एकोणतीस रेघा झाल्या.

तिने वहीची मागची पानं उलटली. वर्षभरात याआधी सात सामने झाले होते. त्यांतल्या सहांत नंतर तपासलेलं यंत्र हरलं होतं, आणि सहाही वेळा शेरा तोच होता, 'बटण मठ्ठ'. त्यातलं एक निळं यंत्र तर तिच्या निकालानंतर दुकानांतून दिसेनासंच झालं. ते कुणी बनवलं होतं, हेही तिला आठवेना.

तिला भीती वाटली. अंगठा गेला तर आपण कोण, ही भीती. आणि त्याहून मोठी, की लपवलं तर हे कुणालाच कळणार नाही. जाड्याला पास करून टाकलं की विषय संपला. वही कपाटात, अंगठा खिशात.

फोन वाजला. संपादक होते.

"निकालबाई, मथळा तयार आहे. 'जाड्या आपटला'. कसा वाटतो?"

"काढून टाका."

"म्हणजे? काडी आपटली?"

"चारला मजकूर येईल. पान मोठं ठेवा."

ती संगणकावर लिहायला बसली. उजवा अंगठा दर शब्दाला अडखळत होता, दोन शब्दांमध्ये रिकामी जागा पडायची तिथे पडत नव्हती. चार ओळींत तिने सहा वेळा खोडलं आणि हात टेबलावर आपटला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. वहीकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. "मी म्हटलं नव्हतं," असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याचंच तिला रडू आलं.

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "तू सांग, मी टाइप करते. उद्या डॉक्टरकडे जायचंय, आणि तिथे टाळाटाळ चालणार नाही."

त्या ताठ बसल्या. चष्मा वर सरकवला. त्यांची जुनी शिस्त होती, सांगितलेलं वाक्य आधी स्वतः मोठ्याने वाचून दाखवायचं, समोरच्याने हो म्हटलं की मगच पुढे जायचं. तीस वर्षांत त्यांनी साहेबांचं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

ती खोलीभर फिरत सांगू लागली. पडद्याचं झालं, बॅटरीचं झालं. मग ती खिडकीशी थांबली आणि पाठ फिरवून उरलेलं सांगितलं. मागे कळफलकाचा आवाज बंद पडला.

"हे असंच ठेवायचं?" सासूबाईंनी विचारलं. "आमचे साहेब असं काही आलं की म्हणायचे, 'तांत्रिक कारणामुळे' घाला."

"असंच."

"मग वाचते. ऐक."

आणि सासूबाईंनी कोरड्या, सरकारी आवाजात वाचलं, "गेल्या वर्षभरात मी खालील सहा यंत्रांची बटणं मठ्ठ ठरवली. ती मठ्ठ नव्हती. ती यंत्रं मी दुसऱ्या क्रमांकावर तपासली, आणि तोवर माझा अंगठा बधिर झालेला असे. पूर्णविराम. बरोबर?"

तिने बारा वर्षं निकाल दिले होते, पण कुणी वाचून दाखवलेला निकाल कधी ऐकला नव्हता.

"बरोबर," ती म्हणाली. "आता नावं घ्या. पहिलं ते निळं."