शेवरलेटचा रोटर

हिंगणघाटला हायवेवर रूपरावचं गॅरेज होतं, आणि स्वभाव असा की देवळात गेला तरी चपला पिशवीत घालून आत न्यायचा. मुळात तो असा नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याने नागपूरच्या लिलावात एक जीप घेतली. घेताना गिअर लोण्यासारखे पडत होते. आठव्या दिवशी गिअरबॉक्स उघडला तर आत लाकडाचा भुसा ठासलेला, घरघर ऐकू येऊ नये म्हणून. तेव्हापासून दुधाने पोळलेला हा माणूस ताकच काय, पाणीही फुंकून पीत होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात लिलाव निघाला. मालक वारले होते आणि मुंबईच्या मुलांना बापाची छत्तीस सालची उघडी शेवरलेट विकून मोकळं व्हायचं होतं. रूपरावला ती गाडी जिवापाड हवी होती. लग्नसराई तोंडावर आलेली. फुलं लावून तीत नवरदेव बसवला की तालुक्यातली प्रत्येक वरात त्याच्या दारात येणार, आणि ट्रकखाली उताणं पडायचे दिवस संपणार. चालवायला माणूसही ठरला होता. मालकांची हीच गाडी सव्वीस वर्षं चालवलेला म्हातारा ड्रायव्हर, सोनबा. "गाडी मले भेटली तं चाक तुमच्याच हाती, सोनबाजी," असा रूपरावने शब्द दिला होता.

लिलावाच्या तीन दिवस आधी सोनबा गॅरेजवर आला. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "रूपराव, त्या दिवशी गाडी चालू नाई झाली तरी भिऊ नको. बोली लावजो."

"काऊन नाई होणार चालू?"

"जास्त इचारू नको बापा. मी आहो ना."

झालं! रूपरावच्या डोक्यात भुंगा शिरला. "मी आहो ना" असं जीपवालाही म्हणाला होता. म्हातारा मेलेलं इंजिन आपल्या गळ्यात बांधतोय की काय? त्याने बायकोला सांगितलं, तर लीलाबाई उखडलीच. "त्या बुढ्यावर बी शक? तुमी तं आपल्या सावलीलेही पावती मागान." लिलावाच्या दिवशी निघताना मात्र तिने गाडीपुढे फोडायला एक नारळ पिशवीत घालून दिला.

आवारात वीसेक माणसं जमली होती. त्यात नागपूरचा भैय्याजी, जुन्या गाड्या उचलणारा व्यापारी, आपल्या अँबॅसडरला टेकून उभा. मुनीम नानाजींनी किल्ली फिरवली. शेवरलेट नुसती कण्हली. हँडल मारून पाहिलं, तरी तेच. लोक हसायला लागले, दोघे-तिघे तर निघूनही गेले.

रूपरावने बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि त्याचा हात थांबला. आतला रोटरच नव्हता. करंगळीएवढा तुकडा, पण तो नसला तर एकाही प्लगला ठिणगी पोचत नाही. बाकी इंजिन तेल पुसून लख्ख ठेवलेलं होतं. म्हणजे गाडी मेली नव्हती, कुणीतरी मुद्दाम बंद पाडली होती.

त्याने मान वर केली, तर सोनबा भैय्याजीच्या कानाशी लागलेला.

रूपरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांचं साटंलोटं! मला "मी आहो ना" म्हणून झुलवायचं, आणि नुसता रोटर काढलाय ही खरी गोष्ट भैय्याजीला सांगून गाडी त्याला स्वस्तात द्यायची. भैय्याजीने मान हलवली, अँबॅसडरचं दार उघडलं आणि एक पाय आत टाकला. रूपराव मनात म्हणाला, कर, नाटक कर! आता निघाल्यासारखं दाखवशील आणि शेवटी बोली लावशील.

"मुनीमजी!" तो ओरडला. "गाडीचा रोटर चोरला हाय. सोनबाचे खिसे पाहा!"

सगळे सोनबाकडे वळले.  मग त्याने स्वतःच खिशात हात घातला आणि फडक्यात बांधलेला रोटर काढून नानाजींच्या टेबलावर ठेवला.

रोटर बसवला. किल्ली फिरवताच शेवरलेट अशी गोड गुरगुरली की हसणारे गप्प झाले. भैय्याजीने आत टाकलेला पाय बाहेर काढला, दार लावलं आणि शांतपणे परत आला.

पुढे बोली कसली, रूपरावचा दम चौथ्याच आकड्याला तुटला. नानाजींनी "तीन बार" म्हणून टेबलावर हात आपटला आणि गाडी नागपूरची झाली. सवयीने सोनबा चाकाकडे निघाला. नानाजी म्हणाले, "तुमी राहू द्या. चोराच्या हाती किल्ली नाई द्यायची." भैय्याजीचा माणूस गाडी घेऊन गेला.

सोनबा फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. रूपराव त्याच्याजवळ गेला. "भैय्याजीले काय सांगत होते तुमी?"

"इंजन मेलं म्हनून सांगत होतो. निघालाच होता तो."

तेव्हा रूपरावला उमगलं. आपल्याच तोंडाने आपण गाडी घालवली, आणि या माणसाची सव्वीस वर्षंही. "मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं होतं," सोनबा म्हणाला. "भिऊ नको म्हनलं होतं."

 रूपरावला हातातल्या पिशवीतला नारळ एकदम जड वाटायला लागला. तो म्हणाला, "चाला सोनबाजी, घरी. लीलाच्या हातचा चहा घेऊ."

सोनबाने सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढले. त्यातून तंबाखूची चिमूटभर भुकटी खाली पडली.

"पाहून घे पहिले," तो म्हणाला. "मंग घरात घेजो."