न मागवलेल्या ट्रेडमिलचं बिल

बिल आलं की सूर्य मावळायच्या आत भरायचं, हा माझ्या सासऱ्यांचा बाणा. भांडायचं असेल तर नंतर भांडा, म्हणतात. नंतर ते कधी भांडले असतील तर शपथ!

आमचं फोटोफ्रेमचं दुकान. काच कापायची ती बाबांनीच, म्हणजे सासऱ्यांनीच. पण मोतीबिंदूमुळे त्यांना काचेवरची रेघ दिसेनाशी झाली होती. ऑपरेशनचे पैसे कसेबसे जमवले, तारीख मिळाली, आणि त्याच सुमारास बाबांच्या क्रेडिट कार्डाचं बिल येऊन थडकलं. त्यात काय, तर ट्रेडमिल! आमच्या घरात माणसांना चालायला जागा नाही, तिथे हे कोण मागवणार?

बाबा म्हणाले, भरून टाकू, डोळ्यांचं पुढच्या वर्षी बघू. माझं डोकंच फिरलं. कुणाच्या तरी चुकीपायी हे आंधळे होणार? नवरा नेहमीसारखा तळ्यात-मळ्यात. मग मीच बाबांना शेजारी बसवून बँकेला फोन लावला. तिथली मुलगी भली निघाली. लेखी तक्रार द्या म्हणाली. चौकशी चालू आहे तोवर वादातली रक्कम भरायची नाही, बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. हे म्हणे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलंच असतं. आम्ही मेले बिल उलटून बघू तर ना!

तक्रार गेली आणि मी हवेत. पण ट्रेडमिलच्या दुकानदाराचं उत्तर आलं, माल पोचला, ही घ्या सही. बघते तर सही बाबांचीच, वेलांटीसकट! मी कपाळाला हात लावला. मग बाबांना आठवलं. आमचं दुकान दिवसभर उघडं, म्हणून सगळ्या इमारतीची पार्सलं आमच्याकडे पडतात आणि बाबा डोळे झाकून सह्या ठोकतात. ते मोठं खोकं वरच्या मजल्यावर नाच शिकवणाऱ्या बाईंचं होतं.

"सही माझी, म्हणजे शब्द माझा," बाबा म्हणाले. "तक्रार मागे घे."

मी काय घेते! दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. बाई त्याच ट्रेडमिलवर धापा टाकत होत्या. मी बिल दाखवताच खाली उतरून त्यांनी मोबाइल चाळला आणि किंचाळल्याच. त्यांनी तर मागवलं त्याच दिवशी पूर्ण पैसे भरले होते! म्हणजे एका यंत्राचे दोनदा पैसे. मागे आम्ही त्याच दुकानातून ड्रिल मशीन घेतलं होतं, तेव्हा बाबांचं कार्ड त्यांच्याकडे नोंदलेलं राहिलं. पार्सलच्या पोचपावतीवर बाबांचं नाव दिसलं आणि दुकानाने रक्कम खुशाल त्या कार्डावर टाकली. बाईंनी पावती दिली, खोकं माझंच असं लिहूनही दिलं. इतका आनंद झाला की मी त्या घामेजलेल्या बाईंना मिठीच मारली.

कागद बँकेत पोचले तसा ट्रेडमिलच्या दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला. मॅनेजर अगदी गोडीगुलाबीने बोलत होता. चूक कुणाची हे सोडा, सही तर तुमच्या वडिलांची आहे ना, निम्मे भरा, सामोपचाराने मिटवू. नवऱ्याची मान हलायलाही लागली. माझा पारा चढला, मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला आणि फोन ओढून घेतला.

"साहेब, सही मी खोक्यासाठी केली, पैशांसाठी नाही. मागवलंच नाही, तर निम्मे तरी कसले? मी देणार नाही."

या माणसाला 'नाही' म्हणताना मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकत होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि मी वाजवल्याही.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. एका डोळ्यावर पट्टी असताना बँकेचं पत्र आलं, रक्कम रद्द केली म्हणून. मी मोठ्याने वाचलं. बाबांनी परत वाचायला लावलं. मी हसतहसतच वाचत होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले.

"डोळे जात होते गं," ते म्हणाले, "आणि मी ते भिडेखातर जाऊ देत होतो."